ठोकळा आणि त्याची काळजीची वेळ

माझ्या भाच्याला घरात सगळे ठोकळा म्हणतात. तान्हा असताना जिथे बसवावा तिथे बसून राहायचा. रडणं नाही, रांगणं नाही, हट्ट नाही. माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईनेच, कौतुकाने ते नाव ठेवलं आणि मग ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. मोठा झाल्यावरही चेहरा तसाच. निकाल लागो, कुत्रं अंगावर येवो, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. "या पोराला नसा दिल्यात की सुतळ्या?" असं त्याचे वडील विचारायचे.

मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. माझ्या डोक्यावर पाटीच लावलेली आहे: चौकशी. त्यामुळे लोक मला भोचक म्हणतात तेव्हा मी मनाला लावून घेत नाही. दिवसभर लोकांच्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावर संध्याकाळी चार प्रश्न आपणही विचारावेत, एवढीच माझी अपेक्षा असते. मी एकटी राहते, म्हणजे विचारायला घरात कोणी नव्हतं. तेवढ्यात ठोकळा माझ्या शहरातल्या कॉलेजात आला आणि माझ्याकडेच राहू लागला. मला वाटलं, चला, सोय झाली.

तो डोळे तपासायचं शिकत होता. डॉक्टर नव्हे. चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्याच्या आत डोकावून पाहायचं आणि काही गडबड दिसली तर डॉक्टरांकडे धाडायचं, असं ते काम. पोर डोक्याने काही कमी नव्हतं, पुस्तकं पाठ होती. मी निर्धास्त होते.

एका दुपारी मी कामावरून लवकर घरी आले तर हा स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभा, गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरलेली.

"दाढ दुखतेय का रे?"

"नाही."

"मग वाटाण्यांना काय झालंय?"

त्याने पिशवी खाली घेतली. चेहरा लालबुंद, पण नेहमीसारखाच शांत. म्हणाला, "छाती धडधडत होती, मावशी. फार. गार लावलं की उतरते."

मी वाटाणे परत आत ठेवले आणि त्याला खुर्चीत बसवलं. माझ्याकडे प्रश्नांची नुसती रांग लागली होती, पण खिडकीत बसून एक गोष्ट मी शिकलेय: घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा. मी विचारलं, "कधीपासून?"

तर तो म्हणाला, "आठवतं तेव्हापासून."

म्हणजे ज्याला आम्ही ठोकळा म्हणत होतो तो आतून सगळा वेळ थरथरत होता आणि आम्ही बाहेरून लाकडाचं कौतुक करत होतो. मला स्वतःचा राग आला, बहिणीचा आला, आणि खरं सांगायचं तर त्याचाही आला. अरे, तोंड आहे ना तुला?

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षेत अनोळखी माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवतात. हातात मावेल एवढा, भिंग लावलेला एक दिवा आपल्या डोळ्याला लावून त्याच्या डोळ्यात पाहायचं असतं, इतक्या जवळून की गालाला गाल लागेल. मग काय दिसलं ते परीक्षकांना सांगायचं. मागच्या वेळी याला त्या खोलीत घाम फुटला, कान बंद झाले, आणि परीक्षकांनी विचारल्यावर "मला काहीच दिसलं नाही" असं म्हणून हा खोलीबाहेर निघून आला. आता एक संधी उरली होती. त्यात दिसलेलं नीट सांगता आलं नाही, तर कॉलेज सुटणार.

"मग आता?"

"कॉलेजात एक समुपदेशक मॅडम आहेत. त्यांच्याकडे जातो. त्या शिकवतात."

"काय शिकवतात?"

"घाबरायचं कसं ते," ठोकळा म्हणाला.

आता सांगा, यानंतर कोणाला झोप लागेल? मी दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉलेजात गेले. समुपदेशक मॅडमची खोली जिन्याखाली होती. दोन खुर्च्या, एक कुंडी, एवढंच सामान. मॅडम वयाने माझ्या निम्म्या. मी म्हटलं, मी अमक्याची मावशी, त्याचं कसं काय चाललंय? त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कोणालाच सांगत नाही." मी चार बाजूंनी विचारून पाहिलं. चारही बाजूंनी तेच गोड हसू. इतकी वर्षं मी खिडकीच्या आत बसते; खिडकीच्या बाहेर उभं राहून हात हलवत परत येणं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. बाई कामाची आहे, असं मनात म्हणतच मी बाहेर पडले.

तेव्हा जे काही कळायचं ते घरातच बघून. आणि घरात बघण्यासारखं खूप होतं. ठोकळा बूट घालताना जमिनीवर पाय दाबून उभा राहायचा आणि दिसतील त्या वस्तूंची नावं पुटपुटायचा: चप्पल, छत्री, भिंतीवरचा डाग. मी म्हटलं, हे काय, घराची जप्ती आलीय का? तर म्हणे, मन पुढे पळालं की त्याला हाताला धरून इथे आणायचं. श्वास आत घ्यायचा त्याहून जास्त वेळ बाहेर सोडायचा. आणि मनात काही भयंकर आलं की त्याला विचारायचं: तू नुसता विचार आहेस की घडलेली गोष्ट आहेस? पुरावा काय?

हे पुराव्याचं मला फार आवडलं. मी ते कामावर वापरून पाहिलं. एक गृहस्थ धापा टाकत आले, "माझी बस चुकणार!" मी शांतपणे म्हटलं, "पुरावा काय?" त्यांनी माझी तक्रार केली. ठोकळ्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. चांगला आवाज काढून हसला. मी ते हसू पाहतच राहिले.

पण सगळ्यात अजब प्रकार म्हणजे काळजीची वेळ. संध्याकाळी चहा झाला की हा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा, अंडी उकडायचं घड्याळ लावायचा आणि भिंतीकडे बघत काळजी करायचा. मन लावून! दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं, आत्ता नाही, संध्याकाळी ये. घंटी वाजली की स्टूल उचलून जागेवर.

"अरे, मीसुद्धा हेच करते," मी म्हटलं. "खिडकी बंद असताना माणूस आला की सांगते, उघडल्यावर या. निम्मे परत येतच नाहीत."

"माझे येतात," तो म्हणाला. "पण येताना आवाज कमी करून येतात."

मी माझं स्टूल त्याच्या शेजारी टाकलं. एकट्याने काळजी कशाला करायची? पण माझ्या काळज्या फार लवकर संपायच्या. गळका नळ, शेजारणीचा रेडिओ, गुडघा, झालं. उरलेल्या वेळात मी त्याच्या काळज्यांत डोकवायची. तोही सांगायचा. आईने फोन उचलला नाही की त्याला आईचा अपघात दिसायचा, साग्रसंगीत. जिन्यात पाऊल वाजलं की वाईट बातमी आली असं वाटायचं. हे सगळं तो हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगायचा.  या पोराने एवढं ओझं घेऊन शाळा केली, क्रिकेट खेळला, बहिणीच्या लग्नात वाढपी झाला, आणि आम्ही म्हणत होतो, याला नसाच नाहीत.

परीक्षेच्या सरावासाठी त्याला डोळे हवे होते. माझे हजर होते. आमच्या घरात सामानाची एक खोली आहे, खिडकी नसलेली. तिथे मी खुर्चीत बसायची. मॅडमने त्याला सांगितलं होतं की भीतीकडे एकदम उडी मारायची नाही, एकेक पायरी चढायची. म्हणून आधी नुसतं दिवा लावून समोरासमोर बसलो. मग दिवा मालवून. मग तो जवळ आला, आणखी जवळ आला. पहिल्यांदा गालापाशी आला तेव्हा त्याने मॅडमच्या शिकवणीप्रमाणे असा लांबलचक श्वास सोडला की माझी बट उडाली.

"दुपारी कांदा खाल्लायस," मी म्हटलं.

"मावशी, रुग्ण बोलत नाहीत."

"रुग्णांना नाक असतं."

अंधारात आम्ही दोघं खुदुखुदू हसलो, आणि त्यानंतर त्याचा हात पुष्कळच सावरला. रोज थोडा वेळ सराव चालला. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

मग एक दिवस तो माझ्या उजव्या डोळ्यात बघून डाव्याकडे गेला, परत उजव्याकडे आला, पुन्हा डाव्याकडे गेला. मी समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसले होते, कारण तसंच बसायचं असतं.

"काय दिसतंय?"

"सगळं ठीक."

"मग एवढं काय बघतोयस?"

"सराव," तो म्हणाला आणि दिवा बंद केला.

त्यानंतर त्याने माझ्या डोळ्यात बघणंच सोडलं. शेजारच्या सुताराला बसवायचा, मित्राला बसवायचा, मला नाही. मी विचारलं तर म्हणे, तुझे डोळे पाठ झाले. इकडे काळजीची वेळ मात्र लांबत चालली. घंटी वाजायची आणि तो घड्याळ परत फिरवायचा. "कोण आलंय एवढं?" मी विचारायची. "जुनंच आहे," एवढंच तो म्हणायचा. आणि मला नीट सांगायचा बंद झाला.

मी काय गप्प बसणारी आहे? मी त्याच्यावर नजर ठेवली. तर लक्षात आलं की तोच माझ्यावर नजर ठेवून आहे! मी चहा ओतताना बघतो, जिना उतरताना मागे येऊन उभा राहतो. एका संध्याकाळी मी बशी शोधत होते, आणि ती माझ्या डाव्या हाताला, अगदी कोपराशी होती. ती त्यानेच तिथे सरकवून ठेवली होती. माझं डोकं फिरलं.

"माझ्यावर कसले प्रयोग चालवलेत रे? मी काय तुझ्या कॉलेजातला उंदीर आहे?"

ठोकळा स्टुलावर बसला. घड्याळ लावलं नाही. 

"मावशी, तुझ्या डाव्या डोळ्यात मला काहीतरी दिसलं होतं. म्हणजे, दिसलं असं वाटलं. त्याला झाले बरेच दिवस."

"आणि मला म्हणालास, सगळं ठीक."

"कारण मला नेहमी वाईटच दिसतं! आईने फोन उचलला नाही तर आई मेलेली दिसते. मॅडम म्हणतात, तुझं मन खोटी घंटा वाजवतं, ऐकून सोडून द्यायला शीक. मी शिकलो. हेही दिसलं तेव्हा म्हटलं, वाजली घंटा. सोडून दिलं. रोज सोडून देतोय. रोज परत येतंय."

"त्या बाईला सांगितलंस?"

"आज सांगितलं. त्या म्हणाल्या, आईचा अपघात तू कल्पनेत पाहिलास. डोळ्यातलं कशात पाहिलंस? मी म्हटलं, दिव्यात. तर खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, मग हे माझ्याकडे कशाला आणलंस? ज्याला तपासता येतं त्याच्याकडे ने. आजच घरी सांग."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. काय दिसलं, असा साधा प्रश्न.  त्याऐवजी मी भांडले. मला सगळं स्वच्छ दिसतं म्हटलं, लांबच्या बसची पाटी वाचते म्हटलं. आणि शेवटी त्याचंच हत्यार त्याच्यावर काढलं: "तुझा नुसता विचार असेल. पुरावा काय?"

"पुरावा माझ्याकडे नाही, तुझ्या डोळ्यात आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं तर तू मला जन्मभर चिडव. पण चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या सरांकडे गेलो. सर म्हणजे बारीक चणीचे, तुटक बोलणारे, मुलं त्यांना चळाचळा कापतात असे. त्यांनी दोन्ही डोळे पाहिले, दिवा खाली ठेवला आणि माझ्याशी न बोलता ठोकळ्याकडे वळले. "तू काय पाहिलंस?"

"सर, तुम्हाला काय..."

"माझं राहू दे. तुझं सांग."

मी भाच्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता. ओठ हलले, बहुतेक वस्तूंची नावं घेत असावा. मग तो थांबला आणि बोलू लागला. "डोळ्याच्या मागे जिथून नस आत येते तिथे बशीसारखा एक खळगा असतो. सगळ्यांनाच असतो. मावशीचा उजवीकडचा लहान आहे. डावीकडचा त्याहून बराच मोठा आहे, आणि त्याची कड एका बाजूला झिजल्यासारखी दिसते. दोन डोळ्यांत एवढा फरक नसावा. मला काचबिंदूची शंका येते. माझं चुकत असेल."

"शेवटचं वाक्य गाळ," सर म्हणाले. "बाकीचं चिठ्ठीवर लिहून मोठ्या रुग्णालयात पाठव." आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

रुग्णालयाची तारीख लांबची मिळाली. ठोकळ्याची परीक्षा त्याच्या आधीच आली. त्या सकाळी मी वाटाणे बाहेर काढून ठेवले होते, त्याने ते तसेच परत आत ठेवले. संध्याकाळी येऊन त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"छाती धडधडत होती, मावशी. खूपच. आधी मी काय करायचो माहितीय? दिवा त्या माणसाच्या डोळ्यात आणि लक्ष सगळं माझ्या छातीत. उतरली का, उतरली का. मग दिसणार काय? आज म्हटलं, धडधडू दे. समोर एक आजोबा होते, त्यांना सांगून टाकलं, माझा हात जरा थरथरेल, मी शिकतोय. ते म्हणाले, माझं डोकंही थरथरतं, जमेल आपलं. मग मी आत पाहिलं. आणि मावशी, काय सुंदर असतं ते! नारिंगी. त्यावर लाल फांद्या. मी भीती विसरलो असं नाही. पण ती एका बाजूला बसून राहिली आणि मी बघत राहिलो."

"आणि काय दिसलं?"

"काहीच नाही. सगळं ठीक होतं. तेच सांगितलं. ठामपणे."

तो पास झाला. आईला फोनवर सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखा सपाट होता, पण पाय टेबलाखाली नाचत होते.

मग माझी तारीख आली. रुग्णालयात एका यंत्रासमोर बसवलं. पांढरं वाडग्यासारखं काहीतरी, एक डोळा झाकून त्यात हनुवटी ठेवून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं झटपट झालं, मी टकाटक बटण दाबत होते. डाव्याच्या वेळी मध्येच काही होईना. मी वाट पाहिली, कंटाळले, आणि शेवटी यंत्रावरच्या मुलीला दटावलं, "अगं, दिवे लावायला विसरलीस का?"

 ठोकळा भिंतीला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिवे लागत होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. काचबिंदू आहे. जी नजर गेली ती परत येणार नाही. जी आहे ती रोजच्या थेंबांनी बहुतेक टिकेल. दुखत नाही, खुपत नाही, एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो, म्हणून माणसाला कळतच नाही. मी मान हलवत होते. ठोकळ्याने मध्येच विचारलं, "मला आधी दिसलं होतं. मी काही दिवस सांगितलं नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "थोड्या दिवसांनी काही बिघडलेलं नाही. पण तू सांगितलंच नसतंस, तर यांना कळेपर्यंत दोन-चार वर्षं गेली असती. तोवर हा डोळा गेला असता."

आम्ही बाहेर आलो. बाकड्यापाशी येईपर्यंत तो ठीक होता, आणि तिथे तो मोडला. ज्या पोराला तान्हेपणी रडता आलं नाही ते पोर लोकांच्या देखत हुंदके देऊन रडायला लागलं. माझी धांदल उडाली. मला जे जे माहीत होतं ते सगळं मी एका दमात बाहेर काढलं. "श्वास सोड, लांब सोड. पाय दाब जमिनीवर. हे बघ, समोर काय आहे, नाव घे, बाकडं, दार, पाण्याचं पिंप..."

त्याने माझा हात धरला.

"मावशी, नको. हे उतरवायचं नाहीये. ही खोटी घंटा नाही. तुझा डोळा थोडा गेलाय आणि मला त्याचं वाईट वाटतंय. मला रडू दे."

 पर्स मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले, आणि डोळ्याचं कळल्यापासून जे मी एकदाही केलं नव्हतं ते केलं. मीही रडले.